कर्नल आणि चिमूटभर जवळा

ज्याला इजा झाली असं सरकारचं म्हणणं होतं, तो कर्नल ठाण्यात स्वतःच्या पायांनी चालत आला. फिर्याद लिहायच्या टेबलाखाली शिरला, स्वतःभोवती एक गिरकी घेऊन बसला, आणि जिने इजा केली असं सरकारचं म्हणणं होतं त्या जनीमावशीच्या पायावर हनुवटी टेकून त्याने डोळे मिटले. हवालदार कुंदनला कर्नलचा हेवा वाटला. शिमग्यापासून त्याला स्वतःला कुठे हनुवटी टेकायची सवड मिळाली नव्हती.

कर्नल म्हणजे पोलिसांच्या श्वानपथकातला लॅब्राडोर. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, काम अमली पदार्थ हुंगून काढण्याचं. कुंदन त्याचा हस्तक. सरकारी मराठीत हा हुद्दा आहे. वर्तमानपत्रात हाच शब्द गुंडांच्या साथीदारांना लावतात, पण कुंदनने कधी तक्रार केली नाही. हवालदाराने दोरी धरून कर्नलच्या मागेमागे फिरायचं, यातही त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. हुद्दे बघितले तर ते बरोबरच होतं.

टेबलापलीकडे फौजदार अवधूत बसले होते. माणूस पुण्याचा, कायद्याची पदवी घेतलेला, आणि त्यामुळे ठाण्यात जरा एकटा पडलेला. त्यांच्यासमोर वरच्या कार्यालयातून आलेलं पत्र होतं. पत्रात वाक्य एकच होतं, पण ते दुसऱ्या पानावर संपत होतं. सार असं, की सरकारने मेहनतीने तयार केलेला श्वान निकामी झालेला आहे. सबब ज्या कोणी तो निकामी केला त्याच्यावर गुन्हा दाखल करून अहवाल आजच पाठवावा.

"मावशी," अवधूत म्हणाले, "तुमच्यावर आरोप काय आहे ते समजलं का?"

"तुमच्या कुत्र्याला मी जवला दिला."

"दिला म्हणजे खायला घातला."

"मंग काय अंगाला लावाया दिला, सायेब?"

टेबलाखालून कर्नलने शेपूट एकदा जमिनीवर आपटली. 'जवळा' हा शब्द त्याला कळत होता. खात्याच्या दृष्टीने सगळा गुन्हा तोच होता.

भानगड झाली ती जासईच्या बाजूला, एका कंटेनर यार्डात. खबर पक्की होती, असं खबर देणाऱ्याचं मत होतं. उन्हात तापलेले कंटेनर, गाड्या भरभरून अधिकारी आणि छापा गुप्त असल्यामुळे वेळेवर पोचलेले कॅमेरेवाले. कर्नल एकेका दाराला नाक लावत पुढे चालला होता. एका निळ्या कंटेनरपाशी तो थांबला. शेपूट थांबली. मग शिकवल्याबरहुकूम, चकार शब्द न काढता, पुढचे पाय जुळवून तो ताठ बसला आणि त्याने मान वळवून कुंदनकडे पाहिलं. त्या बसण्याचा अर्थ ठरलेला होता: माल इथे आहे, माझं बक्षीस काढा.

कंटेनर उघडला. आत जवळा होता. तोच तो, नखाएवढा सुका कोळंबीसारखा जीव, आमटीत टाकायचा. दारापासून मागच्या पत्र्यापर्यंत गोणीवर गोणी. अधिकाऱ्यांना वाटलं, खरा माल गोण्यांच्या पोटात असणार. गोण्या फाडल्या. दुपारपर्यंत यार्डात गुलाबी टेकडी उभी राहिली, तिच्यात अधिकारी गुडघाभर रुतले आणि उरणपासूनचे कावळे दाखल झाले. जवळ्यात शेवटपर्यंत जवळाच निघाला. व्यापाऱ्याच्या ओळखी वरपर्यंत होत्या. कंटेनर उघडायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात चौकशी उघडली.

चौकशीत कुंदनला विचारलं, कुत्र्याला मासळीची चटक लावली कोणी? कुंदन तेव्हा शिमग्याचा बंदोबस्त, मग एका पुलाच्या उद्घाटनाचा बंदोबस्त आणि मग ते उद्घाटन पुढे ढकलल्याचा बंदोबस्त असे तिन्ही आटोपून आला होता. खुर्चीत बसलं की झोप लागेल म्हणून तो उभा होता. त्याला फक्त ती खोली सोडून घरी जायचं होतं. तो म्हणाला, "बाजारात एक मासळीवाली खायला घालते, साहेब."

वाक्य खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं. खात्यात अर्ध्या वाक्यावर चौकश्या मिटतात, अशी त्याची आजवरची समजूत. पण या वेळी खात्याने कधी नव्हे तो झपाटा दाखवला. रात्र उलटायच्या आत 'एक मासळीवाली' या शब्दांना नाव लागलं, नवऱ्याचं नाव लागलं, आणि सकाळी दोन शिपाई जाऊन जनी दयाराम कोळी, धंदा सुकी मासळी विकणे, हिला टोपलीसकट घेऊन आले.

उरलेलं अर्धं वाक्य फक्त तिघांना माहीत होतं. त्यातला एक टेबलाखाली झोपला होता.

ते असं. कुंदनसुद्धा उरणकडचा, कोळ्याचाच. पण होडीत पाय ठेवला की त्याला ओकारी व्हायची. बापाने चार वर्षं वाट पाहिली आणि मग त्याला पोलिसात घातलं. तिथे ओकारी आली तरी जमीन हलत नाही, एवढीच अपेक्षा. पनवेलला बदली झाल्यावर तो सकाळी कर्नलला फिरवून आणताना उरण नाक्याजवळच्या टपरीवर चहाला थांबे. टपरीला लागून जनीमावशीची बैठक: बोंबील, वाकट्या, सोडे आणि जवळ्याची रुंद टोपली. जनीची एक रीत होती. नवी टोपली उघडली की बोहनीच्या आधी त्यातली एक चिमूट जो पहिला मुका जीव समोर येईल त्याला घालायची. कावळा येवो, मांजर येवो. तिची सासू तसं करायची, म्हणून तीही करायची. कारण सासूने सांगितलं नव्हतं आणि जनीने विचारलं नव्हतं. सून-सासूत एवढं एकमत कसं झालं, याचंच तिला कौतुक होतं.

एके सकाळी पहिला मुका जीव कर्नल निघाला.

जनीने चिमूट पुढे केली. कर्नलने मान फिरवली. तिने दुसऱ्या बाजूने पुढे केली, त्याने मान परत जागेवर आणली. पोलिसी कुत्रा परक्याच्या हातचं खात नाही. त्याला तसं शिकवलेलं असतं, नाहीतर चोर पावाच्या तुकड्यावर सुटतील. कुंदनने मांडीवर दोन बोटं दोनदा आपटली तरच तो दुसऱ्याच्या हातचं घेई, आणि तीही परवानगी फक्त डॉक्टरच्या गोळीसाठी होती.

"मेला मोठा सायेब दिसतंय," जनी म्हणाली. "माज्या जवल्याला नाय म्हनतंय. बाला, याला घरी काय घालतंस?"

"सरकारी खाऊ असतो, मावशी. पाकिटातला. गोळ्या."

"रोज?"

"रोज."

"तरीच डोले असे. धर." असं म्हणून तिने चिमूट कुंदनच्या तळहातावर ठेवली. "माज्या हातचं नाय ना चालत? तुज्या हातचं चालंल. बोहनी खोलंबली हाय माजी."

कुंदन नाही म्हणू शकला असता. पण नाही म्हटलं की का ते सांगावं लागतं, मग नियम सांगावा लागतो, मग नियमामागचं कारण. सकाळच्या पहिल्या चहाआधी एवढं बोलायचं त्याच्यात त्राण नव्हतं. त्याने "बस" म्हटलं. कर्नल ताठ बसला. कुंदनने हात पुढे केला.

तो जवळा खाताना कर्नलच्या तोंडावर जे आलं, ते कुंदनने आपल्या लग्नाच्या पंगतीतही कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

मग रोजचंच झालं. वास आला, बसला, मिळालं. प्रशिक्षण केंद्रात मास्तरांनी कर्नलला जे शिकवलं होतं तेही नेमकं हेच: वास आला, बसायचं, मिळतं. तिथे मिळायचा रबरी चेंडू. दोन्ही शाळांत शिकवायची पद्धत एकच, फक्त एका शाळेत जेवण चांगलं होतं. कर्नलने कुठली शाळा मनावर घेतली हे जासईच्या यार्डात सगळ्यांनी पाहिलं.

"कलम कुठलं लावू?" अवधूतांनी हे कुंदनला विचारलं, भिंतीलाही विचारलं असावं. "मारहाण नाही. जखम नाही. सरकारी नोकरावर हल्ला म्हणावं, तर कायद्यातला सरकारी नोकर माणूस लागतो. तुमचा कर्नल माणूस आहे का, हवालदार?"

"नाही, सर."

"खात्री आहे ना? कारण वरून फोन आला की मला ठामपणे सांगता आलं पाहिजे."

"पगार घेत नाही, सर."

"तो काही निकष नाही," अवधूत म्हणाले. "बरं, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस? तिथे कुत्रा म्हणजे पूल, एसटी, दिव्याचा खांब. खांबाला जवळा घातला तर नासधूस होते का? प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हा कायदा आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड आहे. हे वर कळवलं तर ते मलाच क्रूरतेने वागवतील." त्यांनी नवं कायद्याचं पुस्तक ओढलं. "राहतं हे. जुन्यात चारशे एकोणतीस होतं, नव्यात तीनशे पंचवीस. जनावर मारणं, विष घालणं, अपंग करणं किंवा निकामी करणं. पाच वर्षांपर्यंत."

"पाच वरसं?" जनी म्हणाली. "जवल्याची?"

"विष किंवा निकामी, मावशी."

"इस?" जनी अशी उठली की टेबलाखाली कर्नलची झोपमोड झाली. "माज्या जवल्याला इस म्हनतंय? आवो सायेब, तीस वरसं मी त्या नाक्यावर बसतंय. अर्ध्या पनवेलीची पोटां माज्या जवल्यावर पोसली. यकाला तरी ढेकर वाकडा आला का विचारा!"

"तसं कोणी म्हणत नाहीये—"

"पुस्तकात लिवलंय ना? मंग पुस्तक म्हनतंय!"

तिला खाली बसवायला कर्नललाच मध्ये यावं लागलं. त्याने तिच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. लुगड्याच्या वासाने त्याचे कान सैल पडले होते.

सकाळी जनावरांच्या डॉक्टर अनुया येऊन त्याला तपासून गेल्या होत्या. त्यांचा दाखला टेबलावर होता: बाहेरून इजा नाही, आतून इजा नाही, केसांची चमक उत्कृष्ट, वजन किंचित जास्त, स्वभाव आनंदी. अवधूतांनी त्यांना दारात गाठून विचारलं होतं, "डॉक्टर, 'आनंदी' खोडता येईल का? फिर्यादीत बरं नाही दिसत." डॉक्टर म्हणाल्या होत्या, "त्याला जरा दुःखी करून पाठवा, मी खुशाल बदलते."

कुंदन हे सगळं उभ्याने ऐकत होता. त्याच्या डोक्यात एकच हिशोब फिरत होता आणि तो दर खेपेला तोच निघत होता. जनीमावशीवर गुन्हा टिकला, तर कर्नल दोन महिने परत प्रशिक्षणाला जाणार, जवळा विसरून येणार आणि पुन्हा त्याच्याच हाती मिळणार. पुढच्या वर्षी कर्नल निवृत्त होईल, तेव्हा त्याला घरी न्यायचं हे कुंदनने आणि त्याची बायको मोनाली यांनी केव्हाच ठरवलं होतं. मोनालीने बाल्कनीतली तुळस सरकवून त्याची जागासुद्धा केली होती. "लग्न माझ्याशी आणि संसार त्याच्याशी करता, निदान एका छताखाली तरी करा," असं तिचं म्हणणं. उलट, ते उरलेलं अर्धं वाक्य बाहेर पडलं, तर कुंदन त्याच दिवशी पथकाबाहेर. कर्नल दुसऱ्या कोणाच्या दोरीला. बाल्कनीत तुळस परत जागेवर.

आणि जनीमावशी? जामीन लगेच होईल, असं तो स्वतःला सांगत होता. पाच वर्षं वगैरे पुस्तकात असतात. वर्ष-दोन वर्षं तारखांना यावं लागेल, एवढंच. एवढंच, हा शब्द त्याला मनातल्या मनातही नीट उच्चारता येईना.

एक वाट मात्र अवधूतांनीच उघडली. ते जनीकडे वळून हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मावशी, नीट ऐका. या कलमाला नुसतं करणं पुरत नाही, माहीत असून करणं लागतं. हा कुत्रा पोलिसांचा आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. असा रस्त्यावरचा कुठलातरी कुत्रा आला आणि तुम्ही भूतदया म्हणून चिमूटभर घातलं. असंच झालं असणार ना?"

प्रश्न असा विचारला होता की उत्तराला फक्त मान हलवावी लागली असती. कुंदन मनात म्हणाला, हलव मान, मावशी, हलव.

"म्हायती कसं नाय?" जनी म्हणाली. "गल्यात पट्टा, पाटीवर पोलिस लिवलेलं. म्हनून तर दिला! रस्त्यावरच्या कुत्र्यांना मी काठी दाखवतंय सायेब, टोपल्या नासवत्यात मेले. ह्यो डूटीवरचा. उन्हातानात हिंडतंय, खायाला काय तर गोल्या. डूटीवरच्याला दोन घास जास्त नको?"

अवधूतांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही स्वतःच स्वतःला आत टाकताय."

"खरं तां सांगितलं."

"त्याचंच म्हणतोय मी."

या सगळ्यात जनीने एकदाही कुंदनकडे पाहिलं नव्हतं. जवळा कोणाच्या हातून गेला, ते तिने सांगितलं नाही. कोणी विचारलंही नव्हतं. तिने एकदा पाहिलं असतं तर कुंदनला बरं वाटलं असतं. रागाने पाहिलेलंही चाललं असतं.

अवधूत कायद्याचा माणूस. पत्रावर पत्र येण्यापेक्षा एकदाच काय ते करावं, असं त्यांनी ठरवलं. "निकामी झालाय, हे तरी दिसलं पाहिजे. परक्याच्या हातचं खातो हे पंचांसमोर दाखवा, पंचनामा करतो, विषय संपला." पंच म्हणून ठाण्यासमोरचा चहावाला आला, कारण तो ग्लास न्यायला आलाच होता; आणि एक गृहस्थ सुकापूरहून मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला आले होते, त्यांना थांबवून घेतलं. पंचाचं काम काय, असं गृहस्थांनी विचारलं. "जे दिसेल ते पाहायचं," अवधूत म्हणाले. गृहस्थ म्हणाले, "मोबाईलचं पण बघा ना जरा."

टोपली टेबलावर आली. पंखा बंद केला, जवळा उडू नये म्हणून. खोलीत लगेच वास भरला आणि मोबाईलवाल्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. कर्नल टेबलाखालून बाहेर आला. लाळेची तार लोंबायला लागली होती.

"घाला मावशी. रोज घालता तशी."

जनीने चिमूट घेऊन हात पुढे केला.

कर्नलने जवळ्याकडे पाहिलं. मग मान फिरवली आणि कुंदनकडे पाहिलं.

एवढंच करायचं होतं: दोन बोटं, मांडीवर, दोनदा. विजारीच्या शिवणीवर हात होताच. कोणाला कळलंही नसतं; माणूस उभं राहून कंटाळला की बोटं आपटतोच. कर्नलने खाल्लं असतं, पंचांनी पाहिलं असतं, अवधूतांनी लिहिलं असतं, आणि पुढच्या वर्षी बाल्कनीत तो तुळशीशेजारी पसरला असता. कर्नल वाट पाहत होता. त्याला घाई नव्हती. आपला माणूस कधीतरी हो म्हणेल याची त्याला एवढी खात्री होती, की भूक, वास आणि समोरची चिमूट सगळं सोडून तो नुसता कुंदनच्या हाताकडे बघत होता.

कुंदनला त्या क्षणी भयंकर दमल्यासारखं झालं. बंदोबस्ताने दमतात तसं नाही. हे आज केलं तर उद्या परत उभं राहावं लागेल, परवा कोर्टात, मग प्रत्येक तारखेला. कर्नल असाच बघणार आणि मावशी अशीच बघणार नाही. एवढं उभं राहायचं बळ त्याला आणायचं कुठून ते समजेना. त्याने दोन्ही हात मागे नेऊन एकमेकांत अडकवले.

जनीचा हात पुढेच होता. कर्नलने मान खाली घातली, पण जवळ्याला तोंड लावलं नाही.

"खात नाही," चहावाला पंच म्हणाला.

"दिसतंय," अवधूत म्हणाले. "परक्याच्या हातचं खात नाही. म्हणजे श्वान निकामी नाही. शिस्तीत पक्का आहे." त्यांचा चेहरा उजळला आणि मग हळूहळू विझला. "मग याला जवळा चारला कोणी?"

तेवढ्यात कर्नल उठला. मागे बांधलेल्या हातांना वळसा घालून गेला, त्या तळहातांवर नाक ठेवलं, एकदा हुंगलं आणि शिकवल्याबरहुकूम, चकार शब्द न काढता, पुढचे पाय जुळवून कुंदनच्या मागे ताठ बसला.

माल इथे आहे.

"मी, सर," कुंदन म्हणाला. कर्नलने आधीच सांगून टाकलं होतं, पण पंचनाम्याला माणसाचं बोलणं लागतं. "मावशीनं माझ्या हातावर ठेवला. मी दिला. रोज."

मोबाईलवाल्या गृहस्थांनी रुमाल काढला. त्यांना आता ऐकू नीट यायला हवं होतं.

"हवालदार, हे तुम्ही चौकशीत का नाही सांगितलंत?"

"झोप आली होती, सर."

अवधूतांनी पेन उचललं. एवढं सरळ उत्तर त्यांना त्या खुर्चीत बसल्यापासून मिळालं नव्हतं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. "हे असंच लिहू?"

"लिहा, सर."

जनीला सोडलं. दाराशी टोपली डोक्यावर घेताना तिने पहिल्यांदा कुंदनकडे पाहिलं.

"मावशे, तू सांगितलं का नाय गं?" कुंदनने विचारलं. गावची बोली त्याच्या तोंडात कितीतरी दिवसांनी आली होती.

"तुज्या पोटावर मी क्याला पाय देऊ, बाला? तुज्या तोंडाला काय कुलूप व्हतं? उघडलंस तवा उघडलंस." मग दोन पावलं जाऊन ती परत फिरली. "पन सायेबांना सांग, त्या पुस्तकातलं इस तेवढं खोडा म्हनावं."

कायद्याने कुंदनचं काही वाकडं केलं नाही. तीनशे पंचवीसला नुकसान करायचा हेतू लागतो किंवा नुकसान होईल याची जाणीव. कुंदनकडे दोन्ही नव्हतं, त्याच्याकडे फक्त आळस होता आणि आळसाला अजून कलम नाही. पण खात्याला कलम लागत नाही. खातेनिहाय चौकशी झाली, एक वेतनवाढ गेली आणि कुंदनला वाहतूक शाखेत टाकलं. नेमणूक उरण नाक्यावर. हे शिक्षा म्हणून की योगायोगाने, ते आदेशात नव्हतं. कर्नलला प्रशिक्षणाला पाठवलं. निघताना गाडीत चढायला तो तयार नव्हता. चढायचा हुकूम कुंदननेच दिला, तेव्हा चढला. संध्याकाळी तुळस परत कठड्याच्या मधोमध होती.

नाक्यावरची वाहतूक कुंदनला जुमानत नव्हती. ती कोणालाच जुमानत नाही. रिक्षा त्याच्या पोटाला वळसा घालून जात, डंपर त्याच्या शिट्टीला साथ म्हणून हॉर्न देत. तो मध्ये उभा राही आणि सकाळ त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जाई. जनीमावशी तिथेच, टपरीशेजारी. बोलणं फारसं होत नसे. रोज टोपली उघडली की चिमूट आता कावळ्याला जाई.

एका सकाळी प्रितेश नावाचा नवा हस्तक पोरगा पलीकडच्या फुटपाथवरून येताना दिसला. हातात नवीकोरी दोरी, दोरीला कर्नल. वजन उतरलं होतं. चालणं कवायतीतलं. प्रशिक्षणाचा दाखला चांगला आला होता म्हणे: मासळीच्या वासाकडे दुर्लक्ष, प्रगती समाधानकारक.

जनीने नुकतीच टोपली उघडली होती. कर्नल तिच्यासमोरून गेला. नाकसुद्धा वळवलं नाही. प्रितेशने अभिमानाने इकडे तिकडे पाहिलं, कोणी बघतंय का ते. मग दोघे रस्ता ओलांडायला खाली उतरले आणि नाक्याच्या मधोमध, कुंदनपासून हाताच्या अंतरावर, कर्नल थांबला.

शेपूट थांबली. त्याने पुढचे पाय जुळवले आणि ताठ बसला.

"ए, चल," प्रितेश म्हणाला. "चल की! सर, सॉरी हां. असं कधी करत नाही हा."

दोरी ताणली, कर्नल हलला नाही. मागे रिक्षा थांबली. तिच्यामागे डंपर थांबला. चारही बाजूंची वाहतूक थांबली. कुंदन त्या नाक्यावर उभा राहायला लागल्यापासून ती पहिल्यांदाच थांबली होती. एका चकचकीत गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "बॉम्ब आहे का?"

कुंदनने तळहात विजारीच्या खिशात घातले, खोलवर. त्यात आता कसलाच वास नव्हता. सकाळी साबणाने धुतलेले, तेव्हापासून धूर खाल्लेले हात. कर्नल त्या खिशांकडे बघत होता. त्याला घाई नव्हती.

"जा, कर्नल," कुंदन म्हणाला. आवाज हुकमाचा नव्हता. त्याने परत, हुकमाच्या आवाजात म्हटलं, "चल. पुढं."

कर्नल उठला. कवायतीच्या चालीने रस्ता ओलांडून गेला. एकदाही मागे पाहिलं नाही; त्याला शिकवलंच तसं होतं, आणि बरंचसं कुंदननेच. "थँक्यू सर," प्रितेश ओरडला. रिक्षा सुटल्या, डंपर सुटले, सगळं आवाजात बुडालं.

कुंदन टपरीपाशी येऊन पायरीवर बसला. शिट्टी गळ्यात नुसती लोंबत होती. चहावाल्याने न सांगता ग्लास पुढे केला. काही बोलावं असं कुंदनच्या मनात होतं, पण तोंड उघडायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची हे ठरवावं लागलं असतं.

जनीने टोपलीवरचा कावळा हाकलला. चिमूटभर जवळा घेतला आणि कुंदनचा हात ओढून तळव्यावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "बोहनी खोलंबली हाय माजी."

कुंदन थोडा वेळ तसाच हात उघडा ठेवून बसला. मग त्याने सवयीने आधी पायाशी पाहिलं, आणि खाल्लं.